एकच ताडपत्री

मार्चमधली सकाळ, हवामान केंद्रातलं साडेआठचं निरीक्षण. तापमापक ठेवलेल्या स्टीव्हन्सन पेटीचं दार उघडलं आणि आकडे दोनदा वाचले. आमच्या परभणीकडं या दिवसांत कोरड्या आणि ओल्या तापमापकात चांगलाच फरक असतो. त्या दिवशी जेमतेम तीन अंश. फरक कमी म्हणजे हवेत ओल जास्त. ओल्या फुग्यावरचं मलमल सुकलं की फरक खोटाच कमी दिसतो, म्हणून आधी कापड चाचपलं, वाटीतलं पाणी पाहिलं. सगळं ठीक होतं. वातदर्शक आग्नेयेला. म्हणजे ही ओल पाचशेहून जास्त किलोमीटरवरच्या बंगालच्या उपसागराची. वरची हवा मोजायला बलून सोडणाऱ्या केंद्राचे आकडे मागवले: खाली दीड किलोमीटरपर्यंत आग्नेयेचाच वारा, पाच-सहा किलोमीटरवर मात्र पश्चिमेचा, जोरदार.

प्रशिक्षणात शिकलेला फ्रंट, म्हणजे गार आणि उबदार हवेमधली सीमा, समुद्रावरचा. उत्तर अटलांटिकमध्ये शीत आघाडी जहाजावरून गेली की नैर्ऋत्येचा वारा बघता बघता वायव्येला फिरतो, गारवा येतो, वायुदाब चढू लागतो. नकाशावर रेघ ओढता येते. मराठवाड्यापर्यंत ती रेघ पोचत नाही. भूमध्य समुद्राकडून निघून पूर्वेला सरकणाऱ्या हवेच्या लाटेची, पश्चिमी विक्षोभाची, वरची गार हवा तेवढी येते आणि उपसागराच्या ओलीवर पसरते. उन्हानं जमीन तापली की खालची हवा उसळते, ढग उभे राहतात, गारा पडतात. कोणत्या शिवारात, ते सकाळी कुणालाच सांगता येत नाही. तरी अख्ख्या जिल्ह्याला ‘तुरळक ठिकाणी’ एवढी एकच ओळ पाठवायची ही पद्धत मला कधीच पटलेली नाही. शेतकऱ्यानं त्या ओळीचं करायचं काय?

दीडच्या सुमारास फोन आला. ‘सर, हरभरा उपटून ढीग घातलेत. हळद शिजवून वाळत टाकलीय. ताडपत्री एकच हाय. कशावर टाकू?’

मी म्हणालो, ‘हळदीवर टाका. आत्ताच. आभाळाची वाट बघू नका.’

पाचच्या आत वारा एकदम थांबला आणि मग गारा. कार्यालयाच्या पत्र्यावर इतका आवाज की शेजारच्या टेबलावरचं बोलणं ऐकू येईना.

संध्याकाळी त्यांचा पुन्हा फोन आला. ‘हळद वाचली, सर.’ हरभऱ्याचं ते बोलले नाहीत. मलाही विचारवलं नाही.

शेजाऱ्याची ताडपत्री मागायला, ढीग गाडीत भरून घरी न्यायला सकाळी वेळ होता. साडेआठ ते दीड, पाच तास तो तीन अंशांचा आकडा माझ्या वहीत होता. त्यांनी फोन केला म्हणून मी बोललो.