दातात मोहरी

रात्री नऊला आमच्या घरातून येणारा आरडाओरडा ऐकून खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा वर आल्या होत्या. "बाळाला लागलं का काही?" लागलं काही नव्हतं. मी त्याचे दात घासत होतो.

लेक तेव्हा २२ महिन्यांचा होता. ब्रश दिसला की डिंकाने चिकटवल्यासारखे ओठ मिटायचा. सगळे उपाय करून झाले. हत्तीचा ब्रश, दिवा लागणारा ब्रश, मोबाइलवर गाणं. गाणं चालू असेपर्यंत तो मोबाइल बघायचा, तोंड बंदच. मग मीच त्याच्यासमोर घासून दाखवायला लागलो. तो टाळ्या वाजवायचा, "पुन्ना" म्हणायचा आणि मी पुन्हा घासायचो. त्या महिन्यात माझे दात मात्र लखलखीत झाले.

आई म्हणायची, "दुधाचेच दात ना, पडायचेच आहेत. कशाला रडवतोस लेकराला?" तिच्या लहानपणी बोटावर राखुंडी घ्यायची की झालं, आणि तीही पोर जरा कळतं झाल्यावर. खरं सांगतो, मला तिचं पटायला लागलं होतं, कारण ते सोयीचं होतं.

मग एका रविवारी तो माझ्या मांडीवर उलटा पडून खिदळत होता, तेव्हा वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीला लागून, खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ दिसली. दूध लागलंय असं वाटून नखाने खरवडली. निघाली नाही.

दातांच्या डॉक्टरांनी बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "रात्री दूध बाटलीने पितो?" पीत होता. साखर घालून. बाटली तोंडात ठेवूनच झोपायचा. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे ते गोड दूध रात्रभर दातांवर बसून राहतं, आणि ही रेघ म्हणजे कीड लागण्याची सुरुवात. खड्डा पडलेला नव्हता, म्हणजे ती तिथेच थांबवता येणार होती. आणि पडायचेच आहेत म्हणाल तर पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, दुधाच्या दाढा १०-१२ वर्षांपर्यंत तोंडात असतात. हे मी घरी येऊन आईला ऐकवलं. ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून दुधातली साखर बंद झाली.

डॉक्टरांनी मला आणि बायकोला समोरासमोर बसवलं, गुडघ्याला गुडघा लावून. लेकाला मध्ये आडवं केलं. डोकं माझ्या मांडीत, पाय तिच्या कमरेला, त्याचे हात तिच्या हातात. वरून बघितलं तर अख्खं तोंड दिसत होतं! इतके दिवस मी बेसिनपाशी त्याच्यासमोर वाकून आंधळेपणाने ब्रश घुसवत होतो. वरच्या ओठाच्या आत मधोमध चामडीची एक बारीक पट्टी असते, हिरडीला जोडलेली. ब्रश तिच्यावर घासला की चांगलंच दुखतं. डॉक्टरांनी तिच्यावर आपलं बोट आडवं धरलं आणि मग घासलं. म्हणजे पोरगं उगाच तोंड मिटत नव्हतं.

पेस्टही बदलली. आमच्या स्ट्रॉबेरीवालीत फ्लोराइड, म्हणजे दात किडण्यापासून वाचवणारा घटक, नव्हतंच. आता १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइडची, पण तांदळाच्या दाण्याएवढीच. जाहिरातीत ब्रशभर लोळणारी लांबलचक वळी बघून मी तेवढी लावत होतो. एवढ्याशा पोराला थुंकता येत नाही, म्हणून दाण्याएवढी. पोटात गेली तरी बिघडत नाही. आणि खळखळून चूळही भरायची नाही, पेस्ट दातांवर थोडी राहू द्यायची. हे मात्र आईला अजून पटलेलं नाही.

पहिला आठवडा रडण्यात गेला. "रडतोय म्हणजे तोंड उघडं आहे, घास पटकन," असं बायको म्हणायची. निर्दयीपणा वाटला, पण मिनिटभरात काम व्हायचं.

आठव्या का नवव्या रात्री दाढेत एक काळा ठिपका दिसला. माझ्या पोटात गोळा आला. ब्रश लावला तर ठिपका सुटून बाहेर. सकाळच्या पोह्यांतली मोहरी! मी ती बोटावर घेऊन त्याला दाखवली. तो रडायचा थांबला. मग स्वतःहून तोंड उघडलं आणि म्हणाला, "अजून?"

तेव्हापासून रोज शोधमोहीम. इथे वरणभात, इथे पोळी, मागे लपलंय गाजर. मध्ये सव्वादोन वर्षांचा असताना पुन्हा तोंड मिटायला लागला, मी चिडलोही. मग पाहिलं तर मागची दाढ येत होती आणि हिरडी सुजली होती. तेवढे दिवस ती बाजू ओल्या कपड्याने हलकेच पुसली.

परवा मऊभात होता, फोडणी नव्हती. घासायची वेळ झाली आणि साहेब गायब. स्वयंपाकघरात मिसळणाचा डबा उघडा, फरशीवर मोहरी आणि हा गाल फुगवून बसलेला. मला बघितल्यावर धावत येऊन मांडीवर आडवा झाला आणि आपणहून आ केला.