रात्रीच्या लाईनचा आठवडा

3 जानेवारी

शाळेत सावित्रीबाईंच्या जयंतीचा कार्यक्रम आटोपून दुपारी घरी आले आणि कापूस ठेवायला आतली खोली मोकळी करायला घेतली. दुसऱ्या वेचणीचा कापूस ओसरीत पडलाय. भाव जरा चढेल म्हणून ह्यांनी अजून विकायला काढलेला नाही. माळ्यावर खोके होते, सगळे माझे. खाली टाकत गेले तर संपेनात. शेवटी मोजले, 43 निघाले.

तीन खोक्यांची चिकटपट्टीसुद्धा सुटलेली नव्हती. एकात भाजी चिरायचं यंत्र, एकात मोज्यांचे सहा जोड, आणि तिसऱ्यात आकाशी रंगाचे पडदे, आमच्या एकाही खिडकीच्या मापाचे नसलेले. पडदे उलगडून मी तशीच जमिनीवर बसून राहिले. आठ किलोमीटरवरच्या दारव्ह्याला महिन्यातून चारदा जाणारी मी, हे कधी मागवलं तेही आठवेना.

आत्याबाई उंबऱ्यावर बसून पाहत होत्या. बोलल्या काहीच नाहीत. त्यांनी खोके चुलीसाठी एकेक करून फाडायला घेतले.

5 जानेवारी

आज जुन्या ऑर्डरी उघडून वहीत लिहून काढल्या. वस्तू, किंमत, तारीख, वेळ. वेळ पाहून चमकले. पावणेअकरा, साडेअकरा, बारा वाजून दहा मिनिटं. दिवसाउजेडी केलेली खरेदी जवळपास नाहीच. तारखाही विचित्र. एका आठवड्यात चार-पाच, पुढच्या आठवड्यात एकही नाही, मग पुन्हा चार. पगार झाला की हात सैल होत असेल असं वाटलं, पण पगाराशी ते जुळेना.

मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे लक्ष गेलं. ह्यांनी त्यावर पेन्सिलीने प्रत्येक आठवड्यापुढे 'दि' नाहीतर 'रा' लिहिलेलं असतं. शेताची लाईन, म्हणजे मोटारीची वीज, एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. वही कॅलेंडरशेजारी धरली. हिवाळ्यातली एकूण एक खरेदी 'रा'च्या आठवड्यातली.

चण्याला आणि गव्हाला पाणी द्यायला हे रात्री दहाला टॉर्च घेऊन निघतात. वावर दीड किलोमीटर. धुऱ्यावर रानडुकरं असतात, ओल्या मातीत सापविंचू, आणि मोटारीच्या पेटीजवळ पाय चिखलात असताना बटण दाबायचं. मुलगी झोपते, आत्याबाईंचा डोळा लागतो, आणि मी अंथरुणावर पडून कान देत बसते. फोन हातात असतो. चपला पाहायच्या, डबे पाहायचे, लोकांचे अभिप्राय वाचायचे. पैसे भरले की हिरवी खूण येते आणि छातीवरचं ओझं थोडा वेळ हलकं होतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की मला वस्तूंची हौस आहे.

ह्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर रात्री जाताना त्यांच्या मनावर माझं ओझं.

6 जानेवारी

मंगळवार, आमच्या गावचा बाजार. शाळा सुटल्यावर आत्याबाईंना घेऊन गेले. संक्रांतीचं वाण ठरवायचं होतं. मागच्या वर्षी 40 प्लॅस्टिकचे डबे ऑनलाइन मागवले होते, त्यातले अकरा तडकलेले निघाले. परत पाठवायची मुदत तक्रार करता करता निघून गेली. हळदीकुंकवाच्या दिवशी दोघींना तडकलेलाच डबा गेला असणार, हे मला अजून खुपतं.

देवळामागे बुरड बसतो. त्याला म्हटलं, वाणाला लहान परड्या हव्यात, चाळीस. त्याने समोरची एक परडी उचलून माझ्या हातात दिली, "काठ पाहा मॅडम, बोटाले लागते का?" मी काठावरून बोट फिरवलं. लागलं नाही. तो म्हणाला, "ह्या पाच तयार आहेत. बाकीच्या पुढच्या बाजारी." पंचवीस रुपयाला एक. दोनशे रुपये बयाणा दिला. पावती नाही, काही नाही. त्याने आत्याबाईंकडे पाहून मान हलवली. त्यांच्या लग्नातलं सूप म्हणे याच्या वडिलांनी विणलं होतं.

परत येताना मी आत्याबाईंना विचारलं, पूर्वी एखादी वस्तू लागली आणि बाजार चार दिवसांनी असला तर काय करत होता? त्या म्हणाल्या, "काय करतो, थांबो. अर्ध्याची त बाजाराच्या दिवशी आठोनच राहे नाही."

हे वाक्य दिवसभर डोक्यात आहे. हवंसं वाटणं आणि हातात येणं यांच्यामध्ये सात दिवस असायचे. त्या सात दिवसांत निम्मी इच्छा आपोआप विरून जायची, मन मारावं लागत नव्हतं. फोनने माझे तेच सात दिवस काढून घेतले.

8 जानेवारी

ॲप काढून टाकलं. त्याआधी कार्ड पुसलं. 1 ऑक्टोबर 2022 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे दुकानांना कार्डाचा नंबर साठवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे नंबराच्या जागी एक सांकेतिक क्रमांक, ठेवतात. पण टोकन असलं तरी माझ्यासाठी बोट टेकवण्याइतकंच सोपं होतं, म्हणून तेही काढलं. वस्तू घरी पोचल्यावर पैसे द्यायची सोय मात्र राहतेच. ती बंद करायचं बटण माझ्याच मनात आहे.

सातवीच्या पोरांना ग्राहकाच्या हक्कांबद्दल सांगायचं म्हणून केंद्र सरकारची 30 नोव्हेंबर 2023 ची मार्गदर्शक तत्त्वं वाचली. ग्राहकाला फसवणाऱ्या 13 युक्त्या त्यात नाव घेऊन मना केल्या आहेत. खोटी घाई दाखवणं, न विचारता टोपलीत वस्तू सरकवणं, नाही म्हणणाऱ्याला ओशाळवणं. वाचताना अंगावर काटा आला. 'फक्त 2 शिल्लक' वाचून रात्री अकराला मी किती वेळा घाबरून पैसे भरलेत! बाजारातली बाईही म्हणते, घेऊन टाका, शेवटचा वाटा आहे. पण तिची पाटी माझ्या डोळ्यांसमोर असते. पोरांना तक्रारीचा 1915 नंबर फळ्यावर लिहून दिला, घरी सांगा म्हटलं.

कॅलेंडरच्या खाली एक कागद डकवलाय. जे हवंसं वाटेल ते त्यावर लिहायचं, विकत घ्यायचं ते मंगळवारी.

10 जानेवारी

काल चुकले. रात्री बारानंतर ह्यांचा फोन लागत नव्हता. ॲप नव्हतं, तर साध्या इंटरनेटवरून तिथेच गेले आणि एक शाल मागवली. हे आले तेव्हा तीन वाजले होते, फोनची बॅटरी उतरली होती, एवढंच. शाल रद्द केली नाही. घरात पडून राहणार नाही, आत्याबाईंना देईन. पण लिहून ठेवते, म्हणजे लपवलं असं व्हायला नको.

सकाळी ह्यांना सगळं सांगून टाकलं. वही दाखवली. ते बराच वेळ पानं उलटत राहिले. म्हणाले, "मले वाटलं तू झोपून राहतं." सौर पंपाचा अर्ज केलेला आहे, आला की रात्रीचं जाणं सुटेल. तोवर रात्री बारा वाजता आणि निघताना असा दोनदा फोन करायचं त्यांनी कबूल केलं.

13 जानेवारी

भोगी आणि बाजार एकाच दिवशी. बोरं, गाजरं, ऊस, वालाच्या शेंगा, तुरीचे हिरवे दाणे. परड्या तयार होत्या, सुतळीत ओवलेल्या. बांबूचा ओला वास अजून गेला नव्हता. चाळीस मोजून घेतल्या. एकीचा बूड डगमगत होता, त्याने न सांगता बाजूला ठेवून दुसरी दिली.

कागदावर या आठवड्यात सात वस्तू होत्या. नळाची तोटी घेतली, चहाची गाळणी घेतली. बाकी पाच खोडल्या. आत्याबाईंच्या कानाच्या मशीनचे सेल मात्र दारव्ह्यालाही मिळाले नाहीत. ते ऑनलाइनच मागवीन, दिवसा, आणि तेवढेच.

21 जानेवारी

पुन्हा 'रा'चा आठवडा. हे दहाला गेले. मी फोन स्वयंपाकघरात आवाज मोठा करून ठेवला आणि आत्याबाईंजवळ येऊन बसले. त्या जाग्याच होत्या. विचारलं, मामाजी जागलीला जायचे तेव्हा तुम्ही काय करत होता? "जागीच राहो," त्या म्हणाल्या. "झोप लागे कुठं? सोले सोलत बसो."

म्हटलं, मग आणू का शेंगा? त्यांनी पाय दुमडून जागा करून दिली.

दोघी मिळून तुरीच्या शेंगा सोलत बसलो. बोलणं फारसं झालं नाही. नख हिरवं होतं, शेंग चुटकन उघडते, दाणे ताटात पडतात. सव्वाबाराला फोन आला. मोटार चालू आहे, दोन वाफे राहिलेत म्हणाले. आत्याबाईंना ऐकू आलं नाही, मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं.

दोन वाजता फाटक वाजलं. हे चिखलाचे पाय घेऊन दारातच थांबले, आमच्या दोघींकडे आणि भरलेल्या ताटाकडे पाहत. मी पाय धुवायला गरम पाणी काढलं.