टाळ घ्यायचाय, पण हात उचलत नाही

घरी टाळ, ढोलकी किंवा पेटी बऱ्यापैकी वाजते, पण चारचौघांत बसायचं म्हटलं की हात आखडतो, अशांना माझा सल्ला आहे की सुरुवात भजनाच्या बैठकीपासून करू नका, देवळातल्या हरिपाठापासून करा. बैठकीत बुवा कुठली चाल लावतील, ध्रुपद (पुन्हा पुन्हा येणारी ओळ) किती वेळा फिरवतील, दुगण (दुप्पट लय) कधी धरतील याचा नेम नसतो. हरिपाठाचं तसं नाही. ज्ञानेश्वरांचे 27 अभंग (काही पोथ्यांत 28), रोज संध्याकाळी तेच, त्याच क्रमाने, आणि सगळे एका सुरात. एकट्यावर काही येत नाही. चाल मात्र गावागणिक वेगळी असते, म्हणून यूट्यूबवरची चाल घोटून जाऊ नका. शब्द पाठ करून जा, चाल तिथेच कानावर पडेल.

पहिले काही दिवस टाळ नकोच. टाळ्या वाजवा. हरिपाठात हाताच्या टाळीला पूर्ण मान आहे, आणि ती चुकली तरी शेजाऱ्यापलीकडे कुणाला कळत नाही. टाळ चुकला की अख्ख्या सभामंडपाला कळतो, कारण काशाचा आवाज बारीक, टोकदार असतो आणि वीस जणांच्या गाण्यातूनही वर येतो.

नवा माणूस हमखास दाराजवळ, रांगेच्या टोकाला उभा राहतो. नेमकी तीच जागा वाईट. तिथे मृदंग धड ऐकू येत नाही, शेजाऱ्याचा टाळ तेवढा ऐकू येतो, आणि तोही बिचारा तिसऱ्याचं ऐकून वाजवत असतो. विणेकऱ्यांना किंवा रांगेतल्या एखाद्या जुन्या माणसाला सरळ विचारा, "माऊली, मृदंगाजवळ मागे उभा राहू का?" नाही कुणी म्हणत नाही. वारीत दिंडीच्या मागच्या टोकाला असाल तर कानावर विसंबू नका. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. मृदंग 30 मीटर पुढे असेल तर थाप तुमच्यापर्यंत येईतो सेकंदाचा जवळजवळ दहावा भाग गेलेला असतो. अशा वेळी मृदंग्याचा हात नाहीतर पुढच्यांची पावली (तालावर टाकलेली पावलं) बघायची. पावलीवरून आठवलं: पावली आणि टाळ एकदम शिकायला जाऊ नका, दोन्ही फसतात. आधी एका जागी उभं राहून टाळ बसू द्या.

आता टाळ धरण्याबद्दल. दोन वाट्या एका दोरीने जोडलेल्या असतात, दोरीची गाठ वाटीच्या आत असते. दोरी बोटांना गुंडाळून इतकी आखूड करा की वाटी बोटांखाली डुलणार नाही. ढिली राहिली तर घाव दर वेळी वेगळ्या जागी बसतो आणि दर वेळी वेगळा आवाज येतो. वाट्या तोंडाला तोंड लावून सपाट आपटू नका. मधली हवा कोंडते आणि नादाऐवजी नुसतं 'फस्' होतं. एक वाटी किंचित तिरकी धरून तिची कड दुसरीच्या कडेला लागली पाहिजे. घाव झाला की लगेच सुटं करा म्हणजे नाद खुला राहतो. तळहात आणि बोटं वाटीला टेकवली की नाद बंद होतो. नवशिक्याने बंद टाळच वाजवावा. चूक झाली तर ती लांबत नाही.

किती वाजवायचं? आठ मात्रांच्या ठेक्यात आधी फक्त पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर. ते न मोजता, गाता गाता जमलं की 1, 3, 5, 7. मंडळाची स्वतःची टाळाची भरण (मधले जादा घाव) असते, ती त्यावर आपोआप चढते. गाता गाता हे महत्त्वाचं आहे. तोंड बंद ठेवून टाळ वाजवणारा हटकून चुकतो, कारण सम (ठेक्याची पहिली मात्रा) शब्दाला बांधलेली असते, आकड्याला नाही.

एक जागा खास सांभाळायची. हरिपाठाचा अभंग 6-6-6-4 अक्षरांचा. चौथा चरण दोन अक्षरांनी आखूड, म्हणून तिथे शेवटचं अक्षर लांबवतात किंवा मोकळी जागा सोडतात. गाणारे श्वास घेतात, मृदंगी तिथेच एखादा तुकडा टाकतो. नवा टाळकरी त्या मोकळ्या जागेला घाबरतो आणि पुढची सम आलीच असं समजून आधीच वाजवतो. लय पळते ती बहुतेक वेळा इथून. त्या जागेत हात धरून ठेवा, मृदंग परत समेवर आला की सुरू करा.

शेवटीही तसंच. गजर दुगणीत गेला की तुमचे घाव वाढवू नका, उलट निम्मे करा, नुसती सम धरा. विणेकऱ्यांचा किंवा बुवांचा हात वर गेला की थांबा. सगळं शांत झाल्यावर एकट्याचा 'टण्' ऐकू येण्यापेक्षा शेवटचा घाव बुडालेला बरा.

इथवर अंगवळणी पडलं की भजनाच्या बैठकीला बसा. तिथे आधी विचारायचं ते, पट्टी कुठली, म्हणजे पेटीवर सा कुठे धरलाय. काळी एक, पांढरी चार, जे असेल ते. बायकांच्या मंडळात पट्टी बहुधा वर असते, काळी चार-पाचच्या आसपास. तुमची पेटी चांगली असली तरी चालू बैठकीत दुसरी पेटी उघडू नका. दोन पेट्यांचे सूर केसभर जरी वेगळे असले तरी लांब स्वरावर डगमग ऐकू येते आणि गाणारा चिडतो. पेटीवाल्यांनी आपणहून बसायला सांगितलंच, तर पहिल्या दिवशी सा आणि प धरून ठेवा, चालीच्या मागे धावू नका. गिटार घेऊन येणारी मुलं हल्ली दिसतात. त्यांनी काळी एकला पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून सी, पांढरी चारला तिसऱ्यावर लावून डी धरावा, पण पूर्ण कॉर्ड न छेडता सा-पाच्याच तारा. पूर्ण कॉर्डमधला गंधार चालीतल्या कोमल गंधारावर आदळतो.

पखवाजाला, म्हणजे मृदंगाला, हात लावायची घाई करू नका, त्यापेक्षा कणीक मळून द्या. धुम्याला (डाव्या, खर्जाच्या तोंडाला) लावायची कणीक पाण्यात, बोटाला चिकटेल इतपत सैल हवी. घट्ट झाली तर पुडीवर (तोंडाच्या कातड्यावर) बसत नाही आणि वाजवता वाजवता सुटते. बैठक लांबली की ती वाळते, धुम्याचा सूर चढतो, मग मृदंगी पाण्याचा हात फिरवतो. त्याच्याशेजारी पाण्याची वाटी घेऊन बसणाऱ्याला ठेका सगळ्यांत जवळून ऐकायला मिळतो.

टाळ विकत घेताना जोडी एकमेकींवर वाजवून बघा, एक वाटी बसकी असेल तर लगेच कळतं. लहान, पातळ जोडी स्वस्त पडते, पण तिचा आवाज कानात घुसतो. दोरी सुती घ्या आणि वाटीच्या भोकाशी अधूनमधून बघत जा, तिथेच ती आधी झिजते.