प्लाझ्मिन: गुठळी विरघळवणारे विकर

जखम भरून येऊ लागली की रक्ताची गुठळी विरघळवण्याचे काम प्लाझ्मिन हे विकर करते, आणि मला त्याच्या ताकदीपेक्षा त्याच्यावरचा लगाम अधिक थक्क करतो. यकृतात तयार होणारे प्लाझ्मिनोजेन रक्तात निष्क्रिय रूपात फिरत असते. ते गुठळीतील फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांना चिकटले, की रक्तवाहिनीच्या अस्तरातून स्रवणारे टीपीए (टिश्यू प्लाझ्मिनोजेन ॲक्टिव्हेटर) हे विकर त्याचा एकच बंध तोडून त्याचे प्लाझ्मिन बनवते. मग हे विकर धागे जागोजागी कापते आणि डी-डायमरसारखे तुकडे रक्तात उतरतात. धाग्यावरून सुटलेल्या प्लाझ्मिनला मात्र अल्फा-२-अँटिप्लाझ्मिन हे रक्तातील प्रथिन क्षणार्धात निकामी करते. हा पहारा नसेल, तर रक्तस्राव आवरणे कठीण होते. मेंदूतील गुठळीमुळे पक्षाघात झाल्यास हेच टीपीए औषध म्हणून, आत रक्तस्राव नसल्याची सीटी स्कॅनने खात्री करून, लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण ४.५ तासांच्या आत द्यावे लागते.