हेइआन जिंगूचं दर्शन आणि मागची बाग

क्योतोच्या हिगाशियामा स्टेशनवरून चालत गेलं की आधी सुमारे 24 मीटर उंचीची लाल तोरी दिसते. ही कमान चक्क रस्त्यावर आहे, खालून गाड्या जातात. हेइआन जिंगू हे शिंतो मंदिर तिच्या पुढे.

दारातून आत गेल्यावर हात धुण्याची जागा लागते. उजव्या हातात पळी धरून आधी डावा हात धुवायचा, मग उजवा, मग डाव्या ओंजळीतल्या पाण्याने चूळ भरायची. शेवटी पळी उभी धरून उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळू द्यायचं, म्हणजे पुढच्या माणसाला ती स्वच्छ मिळते. हे मला फार आवडलं. पुढे पांढऱ्या रेतीचं विस्तीर्ण अंगण, शेंदरी खांब आणि हिरवी कौलं. चपला काढाव्या लागत नाहीत. पेटीत नाणं टाकून दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. झालं दर्शन.

बरेच जण इथूनच परततात. मी 600 येनचं तिकीट काढून बागेत गेले, आणि खरं मंदिर मला तिथे कळलं.

1869 मध्ये जपानची राजधानी क्योतोहून तोक्योला गेली आणि क्योतोची रया गेली. शहराने पुन्हा उभं राहायचं ठरवलं. बिवा तलावातून कालवा आणला, वीज तयार केली, ट्राम चालवली आणि शहराच्या स्थापनेच्या 1100व्या वर्षी, 1895 मध्ये, जुन्या राजवाड्याची लहान प्रतिकृती म्हणून हे मंदिर बांधलं. ओगावा जिहेई यांनी रचलेल्या या बागेच्या तळ्यांत पाणी आलं ते त्याच कालव्याचं. जुन्या ट्रामचा एक डबाही बागेत ठेवलाय.

मधल्या तळ्यात गोल दगडांची वळणदार वाट आहे. हे दगड म्हणजे सोळाव्या शतकातला जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या काळातल्या सान्जो आणि गोजो पुलांचे खांब! एकेका दगडावर पाय ठेवताना मी खाली बघत होते, कडा झिजून गुळगुळीत झाल्यात, खाली मासे फिरतात. चारशे वर्षांपूर्वी ज्यांच्यावर कामो नदीचा पूल उभा होता, त्यांच्यावरून आपण चालतोय याने अंगावर काटा आला. मोडीत न काढता त्यांना इथे आणणाऱ्याला मनापासून नमस्कार.

पूर्वेच्या तळ्यावर छप्पर असलेला लाकडी पूल आहे, बसायला बाकं आहेत. तिथे निवांत वेळ काढा.

झुकलेल्या फांद्यांचा गुलाबी साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, बघायचा तर एप्रिलचा पहिला पंधरवडा, आयरिसच्या फुलांसाठी जून. साकुराच्या दिवसांत गर्दी प्रचंड असते, तेव्हा बाग उघडतानाच, साडेआठला, दारात हजर राहा.