सोफ्याखालचे दगड

दुपारी घर पंख्याखाली निजलेलं असताना सोफ्याखाली झाडू घातला की काय काय निघतं. पेनाचं टोपण, एकुलता एक मोजा, शेंगदाण्याची सालं. घरात लहान मूल असेल तर हल्ली त्याला खेळायला आणि रंग-आकडे शिकवायला घरीच रंगवलेला एक दगडही निघतो. लाल, वर काळे ठिपके. त्याला लेडीबग म्हणायचं. ठिपके देण्याआधी खरं तर तो मृगाचा किडा असतो, पण तेवढं कोण बघतंय!

हातात घेतला की आधी जाणवतं ते वजन. प्लॅस्टिकचं खेळणं दिसायला हत्ती आणि वजनाला पापड. काळ्या पाषाणाचा सहा सेंटीमीटर लांब, पाच रुंद, अडीच जाड गोटा मात्र शंभर ग्रॅमच्या पुढे भरतो. दोन वर्षांचं मूल तो पहिल्यांदा उचलतं तेव्हा मनगट खाली जातं. दुसऱ्यांदा हात आधीच सावध असतो. रंग, आकडे, जोड्या हे सगळं त्यानंतरचं.

गंमत बघा, गणितात अडखळलेल्या पोराला 'अगदी दगड आहेस' म्हणायची आपली रीत. आणि त्याच दगडांवर पिढ्यान् पिढ्या खेळल्या. लगोरीचे सात चपटे दगड शोधण्यात अर्धी संध्याकाळ जायची. पाचखड्यांसाठी एका मापाचे पाच खडे जमवायचे तर नजर तयारच लागे. भातुकलीत विटेची पूड म्हणजे तिखट आणि गोल गोटा म्हणजे लाडू. त्या लाडवाला कधी कुणी रंग दिला नाही, तरी पाहुण्यांनी तो आवडीने खाल्ला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे १९५७ पासून कोसबाडला बालवाड्या चालवल्या. तिथेही परदेशी धाटणीच्या महागड्या साधनांची जागा आसपासच्या बिया, पानं, दगडांनीच घेतली. तेव्हा ही टूम काही इंटरनेटवरून आलेली नाही.

रंग देण्याची घाई मात्र नवी आहे, आणि बहुतेकांचं तिथेच फसतं.

दगड मुळात घट्ट अंगाचा हवा. नदीतला काळा पाषाण उत्तम. कोकणातला जांभा दिसायला देखणा, पण भोकं भोकं. रंग पिऊन टाकतो आणि घासला की भुगा सोडतो. किनाऱ्यावरचे गोटे आणले तर दोन दिवस गोड्या पाण्यात भिजत घालून पाणी चार-पाचदा बदलावं. नाहीतर आतलं मीठ महिन्याभराने पांढरं होऊन रंगाला फुगवतं. रोपवाटिकेत मिळणाऱ्या गुळगुळीत पांढऱ्या गोट्यांवर पॉलिश असतं, त्यावर रंग टिकत नाही. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि शेवटी १२० नंबरचा पॉलिश पेपर, एवढं केलं तर जमतं. धुतलेले दगड दोन दिवस कडक उन्हात. लवकर वाळावेत म्हणून गॅसवर किंवा ओव्हनमध्ये अजिबात ठेवू नयेत. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि दगड तडकून उडतो.

मापाबाबत हयगय नको. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांची चाचणी ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात होते. त्यात मावेल ते घशात अडकू शकेल, असा हिशोब. घरी टिश्यू पेपरच्या रोलची नळी घ्यावी, ती त्याहून थोडी रुंद असते. तिच्यातून जाणारा दगड कुंडीत टाकावा. पाच ते सात सेंटीमीटर ठीक. त्याहून मोठा पायाच्या बोटावर पडला की घरभर ऐकू येतं.

रंग अॅक्रिलिकच. पोस्टर कलर ओल्या हाताला लागतो, आणि या वयात हात ओलाच असतो. ग्रिल रंगवून उरलेला ऑइल पेंट तर मुळीच नको. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भागांच्या आत हवं हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. माळ्यावरचा डबा त्याआधीचा असू शकतो. आणि शेंदूर! दगडाला लाल करायची आपली सगळ्यात जुनी युक्ती तीच, पण पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचंच संयुग. देवाला चालतो, कारण देव चाटत नाही.

काळ्या दगडावर थेट पिवळा दिला की हिरवट, मळकट दिसतो. आधी पांढऱ्याचे दोन पातळ हात, मध्ये वीस मिनिटं, मग रंग. 'पातळ' हा शब्द लोक वाचतात आणि विसरतात. जाड थर वरून वाळतो, आतून ओला राहतो आणि आठवड्याभरात नखाने सालीसारखा निघतो. ती साल कुठे जाते ते सांगायला नको. ठिपक्यांना ब्रश नको. पेन्सिलीची मागची बाजू किंवा इअरबड पुरे. चोवीस तास थांबून वॉटर-बेस्ड वॉर्निशचे दोन हात, आणि मग निदान आठवडाभर दगडांना विसरून जावं. पावसाळ्यात हा उद्योग करूच नये. हवेतल्या दमटपणाने वॉर्निशखाली पांढुरकी झाक येते, आणि लेडीबगला मोतीबिंदू होतो.

डबीवर 'नॉन-टॉक्सिक' लिहिलंय म्हणून वॉर्निश केलेला दगड चोखायला द्यावा असं नाही. जे मूल अजून सगळं तोंडात घालतं, त्याला बिनरंगाचे धुतलेले दगड आणि एक पातेलं द्यावं. खरं सांगायचं तर त्याला तेच हवं असतं. एक-एक टाकायचा, ठण्ण आवाज ऐकायचा, सगळे ओतायचे, पुन्हा भरायचे. पातेल्याखाली गोधडी घाला. फरशी आणि शेजारी दोन्ही वाचतात.

पुढे दोन-अडीच वर्षांच्या सुमारास चार रंगांचे तीन-तीन दगड आणि त्याच रंगांच्या चार वाट्या. सुरुवातीला दोनच रंग काढावेत, तेही लाल आणि निळा; लाल-केशरी एकदम दिले की मोठ्यांचंही भांडण होतं. मग सहा जोड्या: दोन मासे, दोन पानं, दोन छत्र्या. जोड्या उलट्या मांडून लक्षात ठेवायचा खेळ मात्र दगडांवर फसतो. मूल चित्र लक्षात ठेवतच नाही, दगडाचा आकार ओळखतं. कोपरा तुटलेला तो मासा, लांबुळका ती छत्री. मोठी माणसं हरतात आणि 'आम्ही मुद्दाम हरलो' म्हणतात.

अक्षरांचं तेवढं सोडून द्या. दोन वर्षांच्या पोरासाठी बावन्न दगडांवर अ ते ज्ञ रंगवून झालेले पालक दिसतात. ते पाहून दगडालाही पाझर फुटावा. लिहायचंच असेल तर देवनागरीची एक सोय आहे: दगड कसाही फिरला तरी शिरोरेषेमुळे वर-खाली कळतं. अंकांना ती सोय नाही. दगड फिरला की ३ आणि ६ एकमेकांचे वेश घेतात. त्यांच्याखाली एक आडवी रेघ मारा, म्हणजे बूड कुठे ते कळेल. त्यापेक्षा अंकाऐवजी ठिपके बरे. एक ठिपक्याचा, दोन ठिपक्यांचा, असे पाचपर्यंत. बोट ठेवून मोजता येतात, आणि दगड उलटा धरला तरी तीनाचे तीनच राहतात.

सहा-आठ महिन्यांत कडांचा रंग उडतो. हौस असेल तर गरम पाण्यात भिजवून, खरवडून नवे करता येतात. बहुतेकांची हौस तोवर संपलेली असते, आणि मुलाला सायकल मिळालेली असते. मग दगड एकेक करून कुंड्यांमध्ये जातात, मातीवर. लेडीबगचे ठिपके पावसात जातात, लाल तेवढा राहतो. आणि घरात कुणी सकाळी तुळशीला हळदकुंकू वाहणारं असलं तर एक बोट त्या दगडालाही लागतं. लाल दिसलं की हात जातोच.