मानेतला एक तंतू

तीन मिलिमीटरच्या कातडीवरून पार्किन्सनचा माग लागतो म्हटलं, की डॉक्टरही आधी मेंदूच्या स्कॅनचं विचारतात. पण अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाचं बिघडलेलं रूप त्वचेतल्या मज्जातंतूंतही साचतं. ते मायक्रोस्कोपखाली शोधणं हे माझं काम.

त्या दिवशी एकाच रुग्णाचे तीन तुकडे आले होते: मान, मांडी आणि घोट्याच्या वरचा. मांडीचा काप पाहताच कळलं, कोणीतरी तो चिमट्यात करकचून धरला होता. तंतू पार चिरडलेले. तुकडा सुईच्या टोकाने अलगद उचला, असं आम्ही प्रत्येक किटसोबत लिहून देतो. कोणी वाचत नाही. याचा मला मनापासून राग येतो. त्या तुकड्यासाठी एका माणसाने टोचून घेतलेलं असतं.

एरवी पॅथॉलॉजीत काप ४-५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, आमचा ५० चा. पातळ कापात तंतूचा नुसता ठिपका उरतो, मला त्याची लांबी हवी असते. मज्जातंतू हिरवा रंगवायचा, रोगट सिन्यूक्लिन लाल. दोन्ही एकाच धाग्यात, एकाच खोलीवर, सलग दिसले तरच खरं. त्वचेला लवचीक ठेवणारे इलास्टिनचे धागे मुळातच चमकतात. नवखा तिथेच फसतो.

घोट्याजवळ काहीच नव्हतं. मानेच्या अकराव्या कापात, अंगावर काटा आणणाऱ्या इवल्याशा स्नायूच्या कडेने एक तंतू लाल दिसला. एकच. फोकसची खोली बदलत खालीवर गेले, लाल रेघ हिरवीला सोडेना. सहकाऱ्याला काही न सांगता बसवलं, त्यानेही तोच दाखवला. उरलेले सगळे काप रंगवले. दुसरा नाही.

आमच्या नियमात एक तंतू पुरतो. पण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात पार्किन्सनच्या ९२.७ टक्के रुग्णांबरोबर १२० निरोगी माणसांतल्या चौघांतही हे प्रथिन सापडलं होतं. ते चौघे माझ्या डोक्यातून जाईनात.

रिपोर्टमध्ये 'पॉझिटिव्ह' लिहिलं, खाली 'एकच तंतू. मांडीचा नमुना वाचण्याजोगा नाही'. डॉक्टरांचा फोन आला.

"म्हणजे पार्किन्सन नक्की ना, मॅडम?"

"सर, पार्किन्सनसारख्याच दिसणाऱ्या मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रोफीतही हे साचतं. मांडीचा तुकडा पुन्हा पाठवाल का?"

"पेशंट तयार नाहीत. दोन वर्षं 'वयाचा कंप' ऐकत आलेत, आता त्यांना उत्तर मिळालंय."

काल ती प्रतिमा पुन्हा उघडली, एकेक थर खाली उतरत पाहिली. रेघ आहे तिथेच आहे.